सतीर्थ्य

संस्कृत भाषेंत ‘सतीर्थ्य’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. तीर्थ म्हणजे येथें नदीचा घाट नव्हे, तर गुरु; आणि एकाच गुरूपाशीं राहून ज्यांनीं अध्ययन केलें ते परस्परांचे सतीर्थ्य. पाणिनीनें या शब्दाकडे दुर्लक्ष केलें नाहीं. त्याचा प्रत्यय सांगण्यास एक सूत्र आणि त्यांतील ‘समान’ या पदाचा ‘स’ कसा होतो हें सांगण्यास दुसरें, अशीं दोन सूत्रें त्यानें खर्चीं घातलीं आहेत. अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांची काटकसर ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या खर्चाचें मोल सहज कळेल. भावाचें नातें जन्मानें लाभतें, शेजाऱ्याचें वास्तव्यानें लाभतें. सतीर्थ्याचें नातें मात्र एकत्र केलेल्या अभ्यासावांचून जुळत नाहीं.

हा शब्द आज आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगांतील पुष्कळ विद्यापीठांतून अध्ययनाची एक नवी रीति रूढ होत चालली आहे. दोन देशांतील दोन वर्ग, दोघांचे अध्यापक निराळे, भाषा बहुधा निराळ्या, मध्यें समुद्र; असें असतांही इंटरनेटच्या साह्यानें कांहीं आठवडे हे दोन्ही वर्ग एकच अभ्यास मिळून करितात. या विद्यार्थ्यांस सतीर्थ्य म्हणावें काय? प्रश्न केवळ शब्दाचा असता तर आम्हीं तो कोशकारांकडे सोंपविला असता. परंतु आमच्या वाचकांच्या घरांतील मुलें-मुली आज महाविद्यालयांत आहेत किंवा उद्यां जाणार आहेत. तेव्हां ही रीति काय आहे, तिच्यांत खरें किती आणि देखावा किती, आणि तिच्यासाठीं घरानें काय करावें, हें आज थोडें विस्तारानें पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ऑनलाइन शिक्षण म्हटलें कीं दूरच्या विद्वानाचें व्याख्यान पडद्यावर ऐकणें, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनांत येतो. तोही मार्ग उपकारक आहे, यांत शंका नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें आपल्या वर्गांतील पाठ्यसामग्री सर्व जगास विनामूल्य खुली करण्याचा संकल्प २००१ सालीं जाहीर केला. आपल्या देशांतही सरकारनें २०१७ सालीं ‘स्वयम्’ या नांवाची ऑनलाइन पाठशाळा उघडली. परंतु या ठिकाणीं देणारा देतो आणि घेणारा घेतो. एकच व्याख्यान ऐकणाऱ्या लक्षावधि श्रोत्यांस परस्परांचें नांवही ठाऊक नसतें. कीर्तनास बसलेला समुदाय आणि पाठशाळेंत बसलेले विद्यार्थी यांत जो भेद, तोच येथें आहे. आम्ही ज्या रीतीविषयीं लिहीत आहों, तिच्यांत व्याख्यान गौण आहे. दोन वर्गांनीं मिळून करावयाचें काम हें मुख्य आहे.

या रीतीस आज जें नांव सर्वत्र ऐकूं येतें तें ‘कॉइल’. मूळ इंग्रजी नांवाच्या चार आद्याक्षरांचा हा शब्द असून, ‘सहकारानें करावयाचें आंतरराष्ट्रीय ऑनलाइन अध्ययन’ असा त्याचा अर्थ होतो. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाचें पर्चेस येथें एक महाविद्यालय आहे. तेथील चित्रपटकलेचे अध्यापक जॉन रुबिन यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस दुसऱ्या देशांतील विद्यार्थ्यांबरोबर मिळून चित्रफिती तयार करावयास लाविलें, आणि या प्रयोगांतून पुढें २००६ सालीं त्याच महाविद्यालयांत या कार्याचें केंद्र स्थापन झालें. न्यूयॉर्क राज्याच्या त्या विद्यापीठाचीं चौसष्ट महाविद्यालयें व शाखा आहेत; त्यामुळें एका वर्गांत रुजलेलें रोप पसरावयास क्षेत्रही विस्तीर्ण मिळालें.

या पद्धतीची घडण मोठी साधी आहे, आणि तिचें सामर्थ्यही त्या साधेपणांतच आहे. समजा, नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयांत समाजशास्त्राचा वर्ग आहे आणि मेक्सिकोंतील एखाद्या विद्यापीठांत नगररचनेचा. दोघे अध्यापक आधीं कित्येक महिने पत्रव्यवहार करून असा एक विषय निवडतात कीं जो दोन्ही अभ्यासक्रमांत बसेल. ‘शहरांतील पाणी’ हा घ्या. मग चार-पांच आठवडे, कधीं त्याहून अधिक काळ, दोन्ही वर्गांतील विद्यार्थी लहान लहान गटांत विभागले जातात. प्रथम ओळख, नंतर दोन्हीकडील स्थितीची तुलना, मग दोघांनीं मिळून एखादें काम सिद्धीस नेणें, आणि शेवटीं, आपण काय शिकलों व कोठें अडलों याचें मनन. प्रत्येक विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयांत नांव घालतो, तेथेंच फी भरतो, आणि त्याचे गुण त्याचाच अध्यापक देतो. नवी पदवी नाहीं, पारपत्र नाहीं, विमानाचें भाडें नाहीं.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक समजूं नये. परदेशीं जाऊन शिकणाऱ्यांची चर्चा आपल्या घरांतून इतकी होते कीं, जणूं अर्धें जग विमानांत बसलें आहे असें वाटावें. वस्तुस्थिति अशी आहे कीं, जगांतील उच्च शिक्षण घेणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांत आपला देश सोडून शिकावयास गेलेले सुमारे तीनच निघतात. उरलेल्या सत्त्याण्णवांचें काय? हा प्रश्न स्वीडनमधील माल्मो येथें ठळकपणें पुढें आला. तेथील विद्यापीठ १९९८ सालीं नवेंच निघालेलें. परदेशांतील जुन्या विद्यापीठांशीं विद्यार्थ्यांची देवघेव करण्याइतकी ओळख त्यास कोठून असणार! तेव्हां तेथील बेंग्ट निल्सन यांनीं १९९९ च्या सुमारास असा विचार मांडिला कीं, मुलांस परदेशीं पाठवितां येत नसेल तर जगाचा परिचय घरच्या वर्गांतच करून द्यावा. ‘घरबसल्या आंतरराष्ट्रीयता’ ही कल्पना त्यांतून प्रचारांत आली, आणि आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही तिचा नांवानिशीं उल्लेख आहे. ज्या घरांत दोन मुलांपैकीं एकासच परदेशीं पाठविण्याचें बळ असतें, किंवा ज्या घरांत मुलीच्या बाबतींत हा विचार निघण्यापूर्वींच मिटतो, त्या घरांस या कल्पनेचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

परंतु जगाचा परिचय म्हणजे काय? मेक्सिकोच्या मुलीनें आपल्या सणाचें चित्र दाखविलें, आपल्या मुलानें गणपतीचें दाखविलें, दोघांनीं परस्परांची वाहवा केली, आणि पडदा बंद झाला. एवढ्यानें परिचय होतो असें आम्हांस वाटत नाहीं. प्रदर्शनांत वस्तु मांडल्या जातात, मनें मांडलीं जात नाहींत. मन कसें मांडावें याचा एक फार चांगला नमुना कॉइलच्याही पूर्वीं, १९९७ सालीं, वर उल्लेखिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेंत झाला. त्याचें नांव ‘कुल्तुरा’. फ्रेंच भाषेच्या अध्यापिका गिल्बर्त फुर्स्तनबेर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं आपले अमेरिकन विद्यार्थी आणि फ्रान्समधील विद्यार्थी यांच्यासाठीं तो रचिला.

त्यांची युक्ति अशी. दोन्ही वर्गांस तीन प्रकारची एकच प्रश्नावली द्यावयाची. पहिल्या प्रकारांत नुसते शब्द: कुटुंब, स्वातंत्र्य, व्यक्तिवाद, शब्द वाचतांच मनांत जें येईल तें लिहावें. दुसऱ्यांत अपुरीं वाक्यें: ‘चांगला शेजारी म्हणजे—’, ‘चांगले आईबाप म्हणजे—’, तीं पुरीं करावीं. तिसऱ्यांत प्रसंग: तुम्ही रांगेंत उभे आहां आणि कोणी मध्येंच घुसला, तर काय कराल? मग दोन्हीकडील उत्तरें समोरासमोर मांडून विद्यार्थ्यांनींच तीं वाचावयाचीं. येथें गंमत होते. ‘व्यक्तिवाद’ या शब्दापुढें अमेरिकन मुलें स्वातंत्र्य, स्वावलंबन, स्वत्व असे गौरवाचे शब्द लिहीत. फ्रेंच मुलें त्याच शब्दापुढें स्वार्थ आणि आप्पलपोटेपणा लिहीत. कोशांत पाहावें तर दोन्ही भाषांतील शब्द एकच, स्पेलिंगांतही जेमतेम एका अक्षराचा फरक! कोशानें जो भेद सांगितला नसता, तो दोन वह्या शेजारीं ठेवल्याबरोबर उघडा पडला.

त्याच अभ्यासांत एक चित्रपटही ठेविला होता. तीन अविवाहित पुरुषांच्या दारांत कोणी एक तान्हें मूल ठेवून जातें, आणि त्या तिघांची त्रेधा उडते, अशा कथेचा फ्रेंच चित्रपट १९८५ सालीं निघाला, आणि अमेरिकेनें १९८७ सालीं त्याची आपली आवृत्ति काढली. कथा एक, पण मूल सांभाळणाऱ्या पुरुषाकडे, मुलाच्या आईकडे, पोलिसाकडे पाहण्याची दृष्टि दोन ठिकाणीं दोन. विद्यार्थ्यांनीं दोन्ही पाहावे आणि परस्परांस विचारावें: तुमच्या आवृत्तींत हें असें कां? आपल्याकडे एकाच रामकथेचीं किती भाषांत किती रूपें झालीं हें जाणणाऱ्या वाचकांस या युक्तीचें मर्म लगेच कळेल. कथा समान असल्यावर जेथें ती वळते, तेथें सांगणाऱ्याचा समाज दिसतो.

‘कुल्तुरा’ची आणखी एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. चर्चेंत प्रत्येकानें आपआपल्या भाषेंत लिहावयाचें असा नियम होता. अमेरिकन मुलांनीं इंग्रजींत, फ्रेंच मुलांनीं फ्रेंचमध्यें. वरवर पाहतां हें विपरीत दिसतें. परभाषा शिकावयाची तर तिच्यांत लिहावयास नको काय? परंतु रचणारांचा हिशेब निराळा होता. परक्या भाषेंत माणूस आपणांस जें सांगतां येतें तेवढेंच सांगतो. स्वभाषेंत तो जें सांगावयाचें असतें तें सांगतो. शिवाय वाचणारास अस्सल भाषा वाचावयास मिळते, आणि दोघांचें आसन एकाच उंचीवर राहतें. एक पक्ष आपल्या अंगणांत बोलत आहे आणि दुसरा चांचपडत त्याच्या अंगणांत शिरत आहे, अशी विषमता तेथें उरत नाहीं.

आपल्या शास्त्रकारांस या समतेचें महत्त्व ठाऊक होतें. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. जल्पांत जिंकणें हा हेतु. वितंडेंत केवळ दुसऱ्याचें खोडणें, स्वतःचा पक्षच नाहीं. आणि वादांत तत्त्वनिर्णय हा हेतु. वाद करणारानें पूर्वपक्ष मांडावा तो असा कीं, प्रतिपक्षीयानेंही मान हालवून ‘होय, माझें म्हणणें हेंच’ असें म्हणावें. दोन देशांतील वर्ग एकत्र आणण्याच्या या साऱ्या खटाटोपाची कसोटी आम्ही हीच समजतों. आठवड्यांच्या शेवटीं नाशिकच्या मुलास मेक्सिकोच्या मुलीचें म्हणणें तिच्या मनासारखें मांडतां आलें, आणि तिला त्याचें, तर अभ्यास झाला. नाहींतर नुसती गाठभेट झाली, आणि गाठभेटीस विद्यापीठ कशास हवें?

ही कसोटी उतरणें सोपें नाहीं, आणि या क्षेत्रांत काम करणारांनीं तें झांकूनही ठेविलेलें नाहीं. स्पेनमधील लेओन येथील विद्यापीठांत असलेले रॉबर्ट ओ’डाउड यांनीं एका सहकाऱ्यासह २००६ सालीं, अशा देवघेवींत बोलणें फसतें तें कोठें कोठें फसतें, याचा एक नीट विचारच प्रसिद्ध केला. कारणें वाचलीं तर तीं आपल्या ओळखीचीं वाटतात. एका वर्गास या कामाचे गुण मिळतात, दुसऱ्यास मिळत नाहींत. मग एकीकडून रोज पत्र आणि दुसरीकडून पंधरा दिवसांनीं चार ओळी. एका देशांत स्पष्ट बोलणें हा प्रामाणिकपणा, दुसऱ्यांत तो उद्धटपणा. एकाचें मौन विचाराचें, पण दुसऱ्यास तें उपेक्षेचें वाटतें. दोघे अध्यापक परस्परांस पुरते न ओळखतां कामास लागले, तर विद्यार्थ्यांची तेढ मिटविणार कोण?

घड्याळाचाही विचार करावा लागतो. आपलें घड्याळ वर्षभर एकच चालतें. अमेरिकेचें मार्चमध्यें एक तास पुढें जातें आणि नोव्हेंबरांत मागें येतें. पुण्यांत रात्रीं साडेआठ वाजले म्हणजे न्यूयॉर्कमध्यें हिवाळ्यांत सकाळचे दहा असतात, उन्हाळ्यांत अकरा. युरोपचीं घड्याळें बदलतात तीं पुन्हां निराळ्या रविवारीं. त्यांचें शरद्सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरांत संपतें. आपल्याकडे गणपति, नवरात्र आणि दिवाळी त्याच मुदतींत, आणि परीक्षाही तेथेंच. तेव्हां दोन्ही पंचांगें पुढें ठेवून, दोहोंस सोयीचे पांच-सहा आठवडे शोधून काढणें हें या कामाचें पहिलें कर्म आहे. आणि येथेंही पाहावें कीं प्रत्येक वेळीं गैरसोय कोणाच्या वांट्यास येते. बारा बैठकींपैकीं बाराही बैठकींस आपल्याच मुलांनीं रात्रीं जागावयाचें, तर ती भागीदारी नव्हे, पाहुणचार झाला.

या रीतीचा उपयोग केवळ भाषा शिकण्यापुरता राहिलेला नाहीं. अमेरिकेंतील विद्यार्थी आणि अरब व इतर मुसलमानी देशांतील विद्यार्थी यांच्यांत, कुशल मध्यस्थ बसवून, दर आठवड्यास समोरासमोर संभाषण घडविण्याचें काम ‘सोलिया’ ही संस्था २००३ पासून करूं लागली. तो इराकच्या युद्धाचा काळ होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या उपक्रमाचें धाडस कळतें. युरोपीय आयोगानेंही २०१८ ते २०२० या काळांत युरोपांतील आणि भूमध्यसमुद्राच्या दक्षिणेकडील तरुणांस जोडणारी अशीच एक योजना चालविली. आणि २०२० सालीं महामारीनें जगभर वर्गांचीं दारें बंद केलीं तेव्हां, परदेशप्रवास खुंटलेल्या अनेक विद्यापीठांस या मार्गाची एकाएकीं आठवण झाली. संकटांत जें सांपडतें तें संकट सरल्यावर टाकून देण्याची मनुष्याची खोड आहे. येथें तसें सर्वस्वीं झालें नाहीं, हें समाधानाचें आहे.

आपल्याकडे परदेशीय विद्यापीठांशीं सहकार्य करण्यासंबंधीं विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं नियम केले आहेत. ते मुख्यतः संयुक्त पदव्या, दुहेरी पदव्या आणि काहीं काळ तेथें काहीं काळ येथें असें शिक्षण यांविषयीं आहेत. त्यांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दोन अध्यापकांनीं आपआपल्या अभ्यासक्रमांतील चार आठवडे एकत्र करावयाचे, तर त्यास संयुक्त पदवीचा पसारा लागत नाहीं. त्यास लागतात दोन जिद्दीचे अध्यापक. नेमकी हीच सामग्री दुर्मिळ आहे. करारपत्रावर सही करतांनाचें छायाचित्र काढणें सोपें, तें अहवालांत छापणेंही सोपें; परंतु ज्या अध्यापकावर आठवड्याचे तास आणि परीक्षेचे गठ्ठे यांचें ओझें आहे, त्यास या नव्या कामासाठीं दोन तास मोकळे करून देणें कठीण. महाविद्यालयाच्या चालकांनीं छायाचित्राआधीं त्या दोन तासांची सोय केली, तर पुढचें बहुतेक आपोआप होईल.

भाषेचा प्रश्न आपल्यापुढें विशेष बिकट आहे. फ्रेंच मुलांस फ्रेंचमध्यें लिहितां आलें, कारण समोरचा वर्ग फ्रेंच शिकत होता. आपली मराठी शिकणारा वर्ग समोर क्वचितच असणार. तेव्हां काम इंग्रजींत चालेल, हें उघड आहे. त्यांत आमची तक्रार नाहीं. परंतु इंग्रजींत बोलणें निराळें आणि इंग्रजींतूनच विचार करणें निराळें. ‘सोंवळें’, ‘माहेर’, ‘ऋणानुबंध’ या शब्दांस इंग्रजींत प्रतिशब्द नाहीं, म्हणून ते टाकून देऊन मुलानें जवळपासचा एखादा गुळगुळीत शब्द वापरला, तर समोरच्यास आपलें मन कळणार नाहीं. आणि हळूहळू त्या मुलासही कळेनासें होईल. उपाय असा कीं, प्रश्नावलीचें उत्तर प्रत्येकानें प्रथम मराठींत लिहावें, आणि मग तें इंग्रजींत समजावून सांगावें. समजावून सांगण्यांत जो वेळ जातो तो फुकट गेला असें समजूं नये. अभ्यास तोच आहे.

आतां घराकडे वळूं. ही प्रश्नावली उद्यां आपल्या एखाद्या मुलीच्या हातांत पडली, तर ती एकटीच उत्तर देणार नाहीं; एकत्र कुटुंबांतील मुलगी स्वयंपाकघरांत येऊन विचारील. ‘चांगला शेजारी म्हणजे—’ याचें उत्तर आजोबा एक देतील, काकू दुसरें. मग समोरच्या देशांतील मुलगी विचारील: तुमच्या घरांत बारा माणसें, तर निर्णय कोण घेतो? पंक्तीस शेवटीं कोण बसतें? सुनेचा पगार कोणाच्या हातीं जातो? ‘चांगली सून म्हणजे—’ हें वाक्य सासूनें आणि सुनेनें निरनिराळ्या कागदांवर, एकमेकींचें न पाहतां, पुरें करावें असें जर ठरलें, तर कित्येक घरांतून फ्रान्स आणि अमेरिका यांच्या इतकेंच अंतर आढळेल, याविषयीं आम्हांस संशय नाहीं.

येथें वडील मंडळींस एक मोह होईल. परक्यापुढें घराची बाजू राखावी, चार चांगल्या गोष्टी सांगाव्या, बाकीच्या पोटांत ठेवाव्या, असें त्या मुलीस सुचविलें जाईल. पाहुण्यापुढें जाजम झटकून अंथरण्याची ही वृत्ति आम्हांस समजते. परंतु येथें ती घात करील. कारण समोरची मुलगी पाहुणी नाहीं, सहाध्यायी आहे. आणि सहाध्यायाशीं खोटें बोलणारा स्वतःच्या अभ्यासाशीं खोटें बोलतो. तसेंच उलट टोकही टाळावें. आपलें तें सगळें जुनाट आणि त्यांचें तें सगळें प्रशस्त, असा कबुलीजबाब देऊन टाळ्या मिळविणें हीही एक लबाडीच. पंक्तीस शेवटीं आई बसते, हें खरें असेल तर तें सांगावें. आजारी चुलत्याची शुश्रूषा सहा महिने सगळ्यांनीं वांटून केली, हें खरें असेल तर तेंही सांगावें. न्यायाधीश व्हावयाचें नाहीं आणि वकीलही व्हावयाचें नाहीं. साक्षीदार व्हावयाचें आहे.

आणि सर्वांत अवघड प्रश्न जातीचा येईल. तो विचारला जाईलच, कारण भारताविषयीं परदेशांत जें थोडें ठाऊक असतें त्यांत तो शब्द असतो. आमच्या वाचकांच्या घरांतील मुलगा सहज लिहून जाईल कीं, ‘ही गोष्ट पूर्वीं होती, आतां कोणी पाळीत नाहीं.’ त्याच्या अनुभवापुरतें त्यास तें खरेंही वाटत असेल. परंतु त्याच वर्गांत, पुढच्या बाकावर बसलेला दुसरा मुलगा त्याच प्रश्नाचें उत्तर निराळें लिहील. शहरांत भाड्याची खोली शोधतांना आडनांव कां विचारलें गेलें, गांवीं आजीला पाणी कोठून आणावें लागे, हें तो लिहील. मग पडद्यापलीकडील अध्यापक दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवील, आणि समुद्रापार बसलेली मुलें विचारतील: हे दोघे एकाच देशांतले ना?

त्या प्रश्नानें आपल्या मुलाची मान खालीं गेली तरी चालेल. तो रागावला मात्र तर चालणार नाहीं. कारण या अभ्यासाचें खरें फळ तेथेंच आहे. दहा हजार कोसांवरच्या मुलीचें मन समजून घेण्यास निघालेल्या मुलास कळतें कीं, तीन वर्षें ज्याच्या मागें बसलों त्या सहाध्यायाचें मन आपण कधीं विचारलें नाहीं. एकाच अध्यापकापुढें बसूनही ते दोघे सतीर्थ्य झालेले नव्हते. नुसते एका खोलींत बसत होते. परदेशांतून आलेल्या प्रश्नानें जर ते प्रथमच परस्परांकडे वळले, आणि त्या मुलानें आपलें पहिलें उत्तर खोडून दुसऱ्याचें म्हणणें त्याच्या मनासारखें मांडण्याचा यत्न केला, तर त्या वर्गानें चार आठवडे सार्थकीं लाविले असें आम्ही म्हणूं.

राहतां राहिली घराची व्यावहारिक जबाबदारी. या अभ्यासास विद्यार्थ्याकडून आठवड्याचा एखाद-दुसरा तास समोरासमोर बोलण्याचा लागतो, आणि तो बहुधा रात्रीं जेवणाच्या वेळींच येतो. मुलगा परदेशी लोकांशीं बोलतो म्हणजे सगळें घर चिडीचूप. मुलगी बोलत असतां मात्र ‘अगं, पानें घ्यायचीं आहेत’ अशी हांक, असा पंक्तिप्रपंच नसावा. एक खोली, एक दार, आणि तासभर शांतता, एवढें दोघांसही सारखें मिळावें. बोलणें संपवून ती बाहेर आली म्हणजे ‘काय म्हणाली ती?’ एवढ्यावर न थांबतां, ‘आणि तूं काय सांगितलेंस?’ हेंही विचारावें. तिनें सांगितलेलें कदाचित् रुचणार नाहीं. तें ऐकून घेण्याची तयारी असेल तरच तिला त्या वर्गांत पाठवावें.

सतीर्थ्य या शब्दाची व्याख्या बदलावी काय, असा प्रश्न आम्हीं आरंभीं केला होता. व्याकरणास हात लावण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. ‘समान तीर्थ’ एवढेंच त्यास हवें आहे. आणि दोन अध्यापकांनीं मिळून जो एक प्रश्न दोन वर्गांपुढें ठेविला, तो प्रश्नच जर दोघांचा गुरु झाला, तर तीर्थ समानच आहे. मात्र त्या तीर्थांत दोघांनींही उतरलें पाहिजे. एकानें कांठावर उभें राहून दुसऱ्याचें स्नान पाहावें, हें सतीर्थ्याचें लक्षण नव्हे.